दुकानासाठी पर्यावरणपूरक पिशवी कशी निवडावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही इचलकरंजीच्या बाजूला कापडी पिशव्या शिवतो आणि आसपासच्या किराणा, मिठाई, कापड, औषधांच्या दुकानांना पुरवतो. फोनवर रोज तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली. आमचा धंदाच कापडाचा, तेव्हा मत कापडाकडे थोडं झुकणारच. तेवढं वजा करून वाचा.

महाराष्ट्रात दुकानदाराला कोणती पिशवी देता येते आणि कोणती नाही?

राज्याची मूळ अधिसूचना २३ मार्च २०१८ ची. प्रत्यक्ष कारवाई २३ जून २०१८ पासून सुरू झाली. प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर, मग तिला हातात धरायचे बंद असोत वा नसोत, तेव्हापासून बंदी आहे. दंड पहिल्या वेळी ५,००० रुपये, दुसऱ्या वेळी १०,००० आणि तिसऱ्या वेळी २५,००० रुपये व तीन महिन्यांपर्यंत कैद. बंदी फक्त विक्रीवर नाही. बनवणं, वापरणं, वाहतूक आणि साठवण या सगळ्यावर आहे. गल्ल्याखाली ठेवलेला गठ्ठा "वापरत नाही हो, नुसता पडलाय" म्हणून सुटत नाही.

कापड, कागद, ताग निर्धास्त द्या. नॉन-वोव्हनचा मामला जरा वाकडा आहे, तो खाली सविस्तर लिहिला आहे. कंपनीनेच बंद करून पाठवलेल्या मालाचं वेष्टन, उदाहरणार्थ बिस्किटाचा पुडा किंवा दुधाची पिशवी, हे वेगळ्या नियमांत येतं. आपण इथे बोलतोय ते गिऱ्हाइकाच्या हातात माल घालून देतो त्या पिशवीबद्दल.

ठोकवाला म्हणतो की १२० मायक्रॉनची पिशवी आता कायदेशीर आहे. खरं काय?

तो अर्धं सांगतोय. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये नियम बदलले. कॅरीबॅगची किमान जाडी ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ मायक्रॉन आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन केली. पण ही देशाची किमान पातळी झाली. राज्याला त्याहून कडक होता येतं आणि महाराष्ट्र आधीच झालेला आहे. बाहेरच्या राज्यातून आलेल्या गठ्ठ्यावर "१२० मायक्रॉन" छापलेलं असलं, तरी दंडाची पावती तुमच्या नावावर फाटेल. ठोकवाल्याचा माल तोवर विकून झालेला असतो.

नॉन-वोव्हन म्हणजे कापडच ना? हाताला तर कापडासारखीच लागते.

नाही. नॉन-वोव्हन म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे प्लास्टिकच. प्लास्टिक वितळवून त्याचे बारीक तंतू काढतात, ते एकमेकांवर अंथरतात आणि उष्णतेने चिकटवतात. ना सूत, ना विणकाम. बाजारात तिला सर्रास "कपड्याची पिशवी" म्हणून विकतात आणि दुकानदारही गिऱ्हाइकाला तेच सांगतो. इतकी वर्षं झाली, हा गैरसमज काही हटत नाही.

खात्री करायची असेल तर कोपऱ्याचा छोटा तुकडा कापून चिमट्यात धरा आणि काडी लावा. सुती कापड कागदासारखं जळतं, वास जळक्या कागदाचा येतो आणि हातावर चोळली तर विस्कटणारी राख उरते. नॉन-वोव्हन आक्रसतं, वितळतं, थेंब पडतो आणि थंड झाल्यावर कडक मणी उरतो. अर्धं सूत अर्धं पॉलिस्टर असलेलं कापड दोन्ही करतं: जळतंही आणि राखेत टणक कणही सापडतात. ही परीक्षा दुकानाबाहेर, मोकळ्यावर करा.

कायद्याचं म्हणाल, तर २०१८ मध्ये राज्याने नॉन-वोव्हनवरही बंदी घातली होती. नंतर २०२२ च्या अखेरीस ६० जीएसएमपेक्षा (हे वजनाचं माप, पुढच्या उत्तरात समजावलंय) जाड नॉन-वोव्हन पिशवीला सूट मिळाली. केंद्राच्या नियमातही ६० जीएसएम हीच किमान मर्यादा आहे. थोडक्यात, जाड नॉन-वोव्हन चालते, पातळ चालत नाही. आणि बाजारात भाजीवाल्यांपासून मोबाइलच्या दुकानांपर्यंत फिरते ती बहुतेक पातळच.

आपली नॉन-वोव्हन ६० जीएसएमची आहे की नाही हे कसं ओळखायचं?

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर मालाचं ग्रॅममधलं वजन. तुमच्याकडे काटा आहे, पट्टी आहे, एवढं पुरे. एक पिशवी मोजून हिशोब सांगतो. समजा पिशवी १२ इंच रुंद आणि १६ इंच उंच आहे, म्हणजे साधारण ३० बाय ४० सेंटिमीटर. एक बाजू ०.१२ चौरस मीटर, दोन्ही मिळून ०.२४. तोंडाशी दुमड असते, ती धरून ०.२७ म्हणा. ६० जीएसएमच्या हिशोबाने हिचं वजन १६ ग्रॅमच्या आसपास भरायला हवं. एकच पिशवी काट्यावर नीट कळत नाही, म्हणून दहा पिशव्या एकत्र ठेवा: १६० ग्रॅम. त्या जागी ८० ग्रॅम भरल्या तर तुमच्या हातात ३० जीएसएमचा माल आहे, गठ्ठ्यावर काहीही छापलेलं असो.

हाच हिशोब कापडालाही लावता येतो. आमच्याकडून घेताना आम्हालाही लावा.

मग सगळ्यांत पर्यावरणपूरक पिशवी कोणती?

गिऱ्हाइकाने घरून आणलेली. इथे आमचा धंदा बसतो, पण उत्तर तेच आहे.

त्यानंतरची उत्तरं आकड्यांनिशी देता येतात, आणि ते आकडे कापडवाल्यांना न आवडणारे आहेत. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये एक अहवाल काढला. तिकडच्या सुपरमार्केटमधली पातळ प्लास्टिकची पिशवी एकदाच वापरून फेकली, तर हवामानावर जेवढा भार पडतो, त्याची बरोबरी करायला कागदी पिशवी ३ वेळा, नॉन-वोव्हन ११ वेळा आणि सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते, असा त्यांचा हिशोब. डेन्मार्कच्या पर्यावरण संस्थेने २०१८ मध्ये तुलना थोड्या जाड पिशवीशी केली. त्यांच्या मते हवामानापुरतं बघितलं तर सुती पिशवी ५२ वेळा, सेंद्रिय कापसाची १४९ वेळा. ओझोनपासून पाण्यापर्यंत सगळे निकष धरले तर सुती पिशवीचा आकडा थेट ७,१०० वर जातो. प्लास्टिकवाले हाच ७,१०० चा आकडा तोंडावर फेकतात.

आकडे खोटे नाहीत. कापूस पिकवणं, सूत काढणं, विणणं, ब्लीच करणं या सगळ्याला पाणी, वीज, रसायनं लागतात. सेंद्रिय कापसाचा आकडा जास्त येतो, कारण त्या हिशोबात एकरी उतारा कमी धरलाय. पण दोन्ही अहवालांनी एक गोष्ट धरलेली नाही: फेकलेली पिशवी गटारात गेली तर काय होतं. त्यांच्याकडे कचरा गोळा होतो, जाळून वीज करतात, म्हणून त्यांना ते धरायची गरज वाटली नाही. आपल्याकडे गरज आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मुंबई बुडाली याला कारणं पुष्कळ होती, पण नाल्यांत अडकलेल्या पिशव्या सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिल्या आणि राज्यातले पिशव्यांवरचे निर्बंध तिथून कडक होत गेले. गाईच्या पोटातून निघणारं प्लास्टिकही त्या युरोपी तक्त्यांमध्ये कुठल्या रकान्यात बसत नाही.

दोन्ही बाजू धरून आमचं मत असं: कापडी पिशवी चांगली, पण ती शंभर-दीडशे वेळा बाजारात गेली तर. म्हणजे आठवड्यातून एकदा म्हटलं तरी दोन-तीन वर्षं टिकली पाहिजे आणि गिऱ्हाइकाला ती घ्यावीशी वाटली पाहिजे. दिवाळीला फुकट वाटलेली, पहिल्याच धुण्यात विटलेली, कपाटात दहा-बारांच्या गठ्ठ्यात पडलेली सुती पिशवी पर्यावरणाला महाग पडते. तेव्हा "कशाची" हा प्रश्न नंतरचा. "किती वेळा" हा आधी विचारा.

"कॉर्नस्टार्चची", "मातीत विरघळणारी" पिशवी घ्यावी का?

इथे फसवणूक सगळ्यांत जास्त आहे. या नावाखाली दोन वेगवेगळ्या जाती विकल्या जातात.

पहिली, साध्या प्लास्टिकमध्ये एक रसायन घालून केलेली "ऑक्सो-बायोडिग्रेडेबल". उन्हात तिचे तुकडे होतात, तुकड्यांचे कण होतात, आणि कण प्लास्टिकचेच राहतात. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशात या जातीवर बंदी घातली. ही घेऊच नका.

दुसरी, खरोखर कंपोस्ट होणारी. तिला आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक लागू होतं आणि बनवणाऱ्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र असावं लागतं. ते मागा, आणि त्यावरचं कंपनीचं नाव पिशवीवरच्या नावाशी जुळतंय का बघा. पण हेही ऐका: या मानकाची चाचणी ५८ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवलेल्या कंपोस्टमध्ये होते आणि १८० दिवसांत ९० टक्के विघटन ही अट असते. तुमच्या परसातल्या खड्ड्यात किंवा गच्चीवरच्या खताच्या कुंडीत एवढी उष्णता टिकत नाही. नाल्यात तर नाहीच. ती भंगारात गेली तर साध्या प्लास्टिकमध्ये मिसळून तोही माल बिघडवते. २०१८ च्या अधिसूचनेत कंपोस्टेबल पिशव्यांना सूट होती ती रोपवाटिका, शेती, फळबाग आणि घनकचरा हाताळणी यांच्यासाठी. टोमॅटो भरून द्यायला नव्हती.

ओला कचरा मोठ्या कंपोस्ट प्रकल्पाला जातो अशा सोसायटीला कचऱ्याची पिशवी विकत असाल, तर ठीक. बाकी दुकानदाराने या वाटेला जाण्यात अर्थ नाही.

कागदी पिशवी कोणाला परवडते?

हलका, कोरडा, एकदाच न्यायचा माल असेल त्याला. औषधं, पुस्तकं, बांगड्या, सुका मेवा, बेकरीचा माल. औषधाच्या दुकानाला तर कागदी पाकिटापलीकडे काही लागतच नाही.

घेताना दोन-तीन गोष्टी बघा. दोन-तीन किलो वजन जायचं असेल तर १०० जीएसएमच्या आसपासचा क्राफ्ट कागद हवा. पिशवी फाटते ती बहुतेक वेळा तळाच्या चिकटवणीत किंवा बंद जिथे चिकटवलाय तिथे, मधोमध क्वचित. म्हणून नमुना मागवून, माल भरून, रात्रभर खुंटीला टांगून ठेवा. बंद पिळलेल्या कागदाचा घ्या. नायलॉनची दोरी ओवलेली असेल तर रद्दीवाला नाक मुरडतो. चकाकणारी पिशवी दिसायला राजस, पण त्या चकाकीसाठी कागदावर प्लास्टिकचा पापुद्रा चढवलेला असतो. कोपरा फाडून बघा, पापुद्रा सुटून ताणला जातो. तशी पिशवी धड कागदात जात नाही, धड प्लास्टिकात नाही.

कोकणात किंवा घाटमाथ्यावर दुकान असेल तर जून ते सप्टेंबर कागदाच्या नादी लागू नका. दारातून रिक्षापर्यंत जाईतो तळ सुटतो.

रद्दीच्या वर्तमानपत्रापासून बचत गटाच्या बायका पिशव्या करतात, त्या खिळे-स्क्रू, बांगड्या, बियाणं अशा मालाला उत्तम. कागद आधीच एकदा वापरून झालेला, पैसा गावातच राहतो. फक्त खाण्याच्या पदार्थाला नको. कारण पुढे लिहिलंय.

तागाची पिशवी भारी दिसते. किराण्याला चालेल का?

चालेल, पण खर्च डोक्यावर बसेल. ताग येतो बंगालकडून, गिरण्या हुगळीच्या काठाने. पीक चारेक महिन्यांत येतं आणि कापसाच्या मानाने खत-औषध कमी लागतं, त्यामुळे कच्चा माल म्हणून ताग कापसापेक्षा उजवा. घोळ पुढे होतो. दुकानात मिळणाऱ्या कडक, ताठ उभ्या राहणाऱ्या तागाच्या पिशवीला आतून बहुधा प्लास्टिकचं अस्तर चिकटवलेलं असतं. आत हात घालून बघा, गुळगुळीत लागलं तर समजा. विनाअस्तराची मागितली तर मिळते, पण ती मऊ पडते आणि तंतू सोडते.

ताग मऊ करायला गिरणीत तेल लावतात, त्याचा वास काही पिशव्यांना महिनोन्महिने येतो. चहा, मसाले, मिठाईवाल्यांनी हे लक्षात ठेवावं. आणि पावसाळ्यात गोदामात दमट जागी गठ्ठा ठेवला तर बुरशी धरते. लग्नाच्या आहेराला, फराळाच्या भेटपेटीसोबत, महाग मालाला ताग शोभतो. दोन किलो साखरेला नाही.

कापडी पिशवी शिवून घ्यायची आहे. कापड कोणतं, शिवण कशी?

आता आमच्या घरचा विषय.

कापड कोरं मांजरपाट घ्या, म्हणजे ब्लीच न केलेलं, पिवळसर. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीच्या यंत्रमागांवर पुष्कळ निघतं. ब्लीच आणि रंग टाळला की पाणी आणि रसायनं दोन्ही वाचतात आणि पैसेही. मळ दिसतो अशी तक्रार येते. धुवावी, पिशवीच आहे. १४० जीएसएमच्या खाली उतरू नका. १४ बाय १६ इंचाची, १४० जीएसएमची पिशवी शिवणीतला कपडा आणि बंद धरून ५०-५५ ग्रॅमच्या आसपास भरते. ३०-३५ ग्रॅमची कोणी दाखवली तर त्यात दोन भाकरी न्याव्यात, तांदूळ नाही.

"शंभर टक्के कॉटन" म्हणून पॉलिस्टर मिसळलेलं कापड गळ्यात मारणारे बरेच आहेत. वर सांगितलेली काडी लावून बघा आणि बिलावर कापडाचा प्रकार लिहून घ्या.

कोऱ्या कापडात खळ असते. पहिल्या धुण्यात खळ जाते, कापड मऊ पडतं आणि आकसतं. म्हणून नमुन्याची पिशवी धुऊन, वाळवून मगच माप पक्कं करा.

पिशवी निकामी होते ती कापडामुळे कमी, बंदामुळे जास्त. बंद तोंडाच्या दुमडीत आत घालून, चौकोन आणि त्यात फुली अशी शीव मारलेला हवा. नुसती एक आडवी टीप मारलेला बंद पाच किलोला उसवतो. आतल्या कडा ओव्हरलॉक केलेल्या हव्यात, नाहीतर दोन-तीन धुण्यांत दशा निघून शिवण सरकते. बंदाची लांबी हा भांडणाचा विषय आहे. खांद्याला अडकवायची तर २२-२४ इंच लागते. पण आपलं निम्मं गिऱ्हाईक पिशवी स्कूटरच्या हुकाला लावतं, आणि लांब बंदाची पिशवी पायात लोळते. गाव बघून ठरवा. भाजी-किराण्याला आम्ही आखूडच देतो.

तळाला घडी देऊन रुंदी काढली तर माल नीट बसतो, कापड थोडं जास्त जातं. मिठाईच्या खोक्यांना तशी लागतेच. किराण्याला सपाट चालते आणि ती घडी घालून खिशात मावते, जे जास्त महत्त्वाचं.

परीक्षा सोपी: पाच किलो तांदूळ भरा, बंदाला धरून दहा-वीस झटके द्या, मग रात्रभर टांगा. सकाळी शीव उघडली नसेल तर ऑर्डर द्या.

जुन्या साड्यांच्या पिशव्या कशा वाटतात?

फार छान. कापड आधीच विणून, नेसून झालेलं, त्यामुळे वरचा तो १३१ आणि ७,१०० चा हिशोब इथे लागूच होत नाही. अडचणी दोन. साड्या बहुतेक पॉलिस्टरच्या, म्हणजे मजबूत पण प्लास्टिकचं सूत. आणि माल एकसारखा मिळत नाही. एका गठ्ठ्यात शंभर रंग. ज्यांना दुकानाच्या नावाची एकसारखी पिशवी हवी त्यांना हे चालत नाही. त्यांनी नावाची छोटी सुती पट्टी शिवून घ्यावी. भाजीवाल्यांना, फळवाल्यांना, किराण्याला आम्ही स्वतःहून सुचवतो. गावातल्या बचत गटाला विचारा, आमच्यापर्यंत यायची गरज नाही.

वडापाव, भजी, मिठाई, मटण यांना काय करायचं?

पहिलं म्हणजे वर्तमानपत्र बंद. खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात बांधायला भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनी मनाई केली आहे. छपाईच्या शाईतले घातक घटक गरम आणि तेलकट पदार्थात उतरतात, आणि वडा तर दोन्ही असतो. रद्दीपासून केलेला तपकिरी कागदही थेट पदार्थाला लावू नका. अन्नासाठीचा कोरा, न छापलेला कागद आत आणि हवी ती पिशवी बाहेर.

पानं विसरू नका. केळीचं पान, पळसाचे द्रोण-पत्रावळी अजून मिळतात. फुलवाले गजरा पानात बांधून देतात, त्यांना कोणी पर्यावरणपूरक म्हणत नाही एवढंच. रसाचा पदार्थ आणि मटण-मासळी यांना मात्र डब्याशिवाय धड उपाय नाही. "डबा आणल्यास मोजून वर चमचाभर जास्त" अशी पाटी लावणारा दुकानदार आम्ही पाहिलाय. त्याच्याकडे डबे येतात.

पिशवीचे पैसे घेतले तर चालतात का?

चालतात, पण आधी सांगून. बिल करताना गुपचूप ओळ वाढवू नका. चंडीगडच्या ग्राहक मंचाने २०१९ मध्ये बुटांच्या एका मोठ्या कंपनीला ३ रुपयांच्या कागदी पिशवीपायी सुमारे नऊ हजारांचा भुर्दंड लावला. पिशवीवर कंपनीची जाहिरात होती. कंपनीची जाहिरात मिरवायला गिऱ्हाइकाकडूनच पैसे, हे मंचाला पटलं नाही. डिसेंबर २०२० मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगानेही आगाऊ सूचना न देता गल्ल्यावर पिशवीचे पैसे लावणं ही अनुचित व्यापार प्रथा ठरवली. गिऱ्हाइकाला माल निवडायच्या आधी कळलं पाहिजे, हा मुद्दा.

म्हणून दारातच पाटी लावा: "पिशवी घरून आणावी. कापडी पिशवी हवी असल्यास २० रुपये." घरची पिशवी घेऊन आत यायला कधीही मनाई करू नका. आणि पैसे घेणारच असाल तर पिशवीवर नाव बारीक छापा किंवा छापूच नका.

फुकट दिली नाही तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाईल, त्याचं काय?

काही जातील. ही भीती खोटी नाही, आणि "पर्यावरणासाठी सोसा" असं सांगणाऱ्याचं स्वतःचं दुकान नसतं. पेठेतल्या पाच-सात दुकानदारांनी एका तारखेला मिळून सुरू केलं तर प्रश्न बराचसा मिटतो. व्यापारी संघटना असते ती कशासाठी?

एकट्याने करायचं असेल तर अनामत ठेवा. समजा कापडी पिशवी तुम्हाला १८ रुपयांना पडली. गिऱ्हाइकाकडून २० घ्या, परत आणली की २० परत द्या. पिशवी परत आली तर धुऊन पुन्हा द्या, नाही आली तर तुमचा खर्च निघाला. मळकी परत घ्यायची की नाही हे आधी ठरवून पाटीवर लिहा, नाहीतर गल्ल्यावर रोज वाद. तमिळनाडूने डिसेंबर २०२१ मध्ये जुनी पिवळी कापडी पिशवी परत आणायची मोहीम काढली, "मीण्डुम मंजप्पै" नावाची. चेन्नईच्या कोयंबेडू बाजारात १० रुपये टाकले की पिवळी पिशवी देणारं यंत्र बसवलं. आपल्याकडेही साडीच्या दुकानांची जाड कापडी पिशवी घरोघर होती, आणि ती दुकान बंद पडल्यावरही वापरात असायची.

पिशवीवर काय छापावं?

कमी. नाव, गाव, फोन. "दिवाळी धमाका" किंवा वर्ष छापलं की पाडव्यानंतर ती पिशवी शिळी होते. दोन्ही बाजूंना मोठं नाव असलं की दुसऱ्या दुकानात न्यायला माणसाला संकोच वाटतो, आणि आपल्याला तर ती सगळीकडे फिरायला हवी आहे. एका बाजूला लहान नाव, दुसरी बाजू कोरी किंवा साधी नक्षी. शाई पाण्यावरची घ्या. प्लास्टिसोल शाई उठावदार दिसते, पण ती पीव्हीसीची असते आणि घडीवर तडकते. पाण्यावरची शाई नीट तापवून पक्की केली नसेल तर पहिल्या पाण्यात ओघळते, म्हणून छापलेला नमुनाही धुऊन बघाच.

पिशवीवर "इको-फ्रेंडली" छापलं तर?

सुती असेल तर "कोऱ्या सुती कापडाची", कागदी असेल तर "कागदी" असं सरळ लिहा. नॉन-वोव्हनवर तो शब्द छापू नका. ग्राहक संरक्षणाच्या केंद्रीय प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये पर्यावरणाच्या खोट्या किंवा मोघम दाव्यांबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. "हिरवी", "निसर्गस्नेही" असे शब्द वापरायचे तर पुरावा हवा. हिरव्या रंगातलं पानाचं चित्र दिशाभूल करणारं असेल, तर तेही त्यात येतं.

पहिल्यांदा किती मागवू?

तुम्हाला वाटतंय त्याच्या निम्म्या. दोनच मापं घ्या: एक किलो-दोन किलोची आणि पाच किलोची. महिनाभरात कोणती खपते ते दिसेल. मोठ्या ऑर्डरला दर खाली येतो हे खरं, पण पडून पिवळ्या पडलेल्या पिशव्यांचा दर कुणी लावत नाही. नमुन्याची एक पिशवी सहीसकट स्वतःकडे ठेवा. माल आला की तिच्याशी वजन आणि शिवण ताडून मगच उरलेले पैसे द्या.

प्लास्टिकच्या जुन्या पिशव्यांचा साठा पडलाय. संपवून टाकू का?

वाटून संपवू नका, तोच गुन्हा आहे. शेकोटीत जाळूही नका; पोरंबाळं आसपास असतात आणि तो धूर छातीत जातो. नगरपालिकेच्या प्लास्टिक संकलन केंद्रात किंवा प्लास्टिकचा पुनर्वापर करणाऱ्या नोंदणीकृत कारखान्याला गठ्ठा वजनावर द्या आणि पावती घ्या. ती पावती पुढच्या तपासणीपर्यंत गल्ल्यात ठेवा.